विद्युत मत्स्यरोधकाची सुरक्षा-चाचणी : १:१०० मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४ : विषय आणि हद्द

मॉडेल अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रोमिओव्हिलजवळ, शिकागो सॅनिटरी अँड शिप कॅनॉलवर असलेल्या विद्युत रोधकाचं. मासे अडतात का, हा इथला प्रश्न नाही. रोधक चालू असताना माणूस पाण्यात पडला तर काय, आणि ज्वालाग्राही माल भरलेली बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) त्यावरून गेली तर काय, एवढेच दोन प्रश्न.

कालवा १९०० साली सुरू झाला. शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवून शहराचं सांडपाणी मिशिगन सरोवराऐवजी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे नेण्यासाठी तो खोदला. त्यामुळे आधी वेगळी असलेली दोन खोरी पाण्यानं जोडली गेली. पहिला प्रायोगिक रोधक एप्रिल २००२ मध्ये चालू झाला, तो खरं तर सरोवराकडून खाली येणाऱ्या राउंड गोबी या माशासाठी होता. पण गोबी तोवर खाली पोचलाही होता. पुढे खालून वर येणारे बिगहेड आणि सिल्व्हर कार्प हेच मुख्य लक्ष्य झालं. सिल्व्हर कार्प म्हणजे आपल्या शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळाबरोबर सोडतात तो चंदेरा. इथे तो उत्पन्न देतो, तिथे त्यानं नद्यांमधलं प्लवंग संपवायला घेतलं आहे.

रोधकाची रचना थोडक्यात अशी. कालव्याच्या तळावर प्रवाहाला आडवे पोलादी इलेक्ट्रोड, काठावरच्या इमारतीत पल्स जनरेटर. पाण्यात सलग करंट नाही, एकदिश पल्स, म्हणजे एकाच दिशेचे क्षणिक झटके, सोडतात. लांब अंतराची जोडी सौम्य क्षेत्र तयार करते, जवळची जोडी तीव्र. मासा वर येऊ लागला की आधी टोचतं, तरी पुढे गेला तर लुळा पडतो आणि प्रवाह त्याला मागे नेतो.

७ नोव्हेंबर : आकडे एका जागी

तीव्रता पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, दर इंचाला किती व्होल्ट, अशी सांगतात. सुरुवातीची सेटिंग १ व्होल्ट प्रति इंच, सेकंदाला ५ पल्स, प्रत्येकी ४ मिलिसेकंद. ऑगस्ट २००९ मध्ये २ व्होल्ट, १५ पल्स, ६.५ मिलिसेकंद. २०११ च्या शरदात २.३ व्होल्ट, ३० पल्स, २.५ मिलिसेकंद. मीटरच्या हिशेबात हे साधारण ३९, ७९ आणि ९१ व्होल्ट प्रति मीटर. पल्स चालू असण्याचा वाटा अनुक्रमे २, ९.७५ आणि ७.५ टक्के.

व्होल्टेज वाढवण्याचं कारण लहान मासे. माशाच्या अंगावर पडणारं व्होल्टेज त्याच्या लांबीच्या प्रमाणात असतं. २.३ व्होल्ट प्रति इंच क्षेत्रात दोन इंची पिल्लाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत जेमतेम ४.६ व्होल्ट पडतात. त्याच पाण्यात प्रवाहाच्या दिशेनं आडव्या तरंगणाऱ्या ६७ इंची माणसाच्या डोक्यापासून पायांपर्यंत १५४ व्होल्ट. पिल्लू अडवण्यासाठी बटण जितकं वर, तितका माणसाचा धोका वर. या प्रकल्पातली प्रत्येक चाचणी या ओढाताणीत कुठेतरी बसते.

११ नोव्हेंबर : मापप्रमाण

कालवा या ठिकाणी १६० फूट रुंद, सुमारे २५ फूट खोल. १:१०० नं रुंदी ४९ सेंमी, पाणी ७.६ सेंमी. कुंड ३ मीटर लांब, १९ मिमी मरीन प्लायचं, आतून जाड पॉलिथिन, सांधे सिलिकॉननं बंद. पाणी ११२ लिटर लागतं.

मॉडेलमध्ये व्होल्ट प्रति मीटर तेच ठेवलं की हिशेब सोपा होतो. मॉडेलमधला १ व्होल्ट म्हणजे कालव्यातले १०० व्होल्ट. पाण्याची वाहकता तीच असेल तर करंट दहा हजार पटीनं वाढतो आणि रोध शंभर पटीनं घटतो. मॉडेलमधला १ ओहम म्हणजे कालव्यात ०.०१ ओहम. हे शेवटचं वाक्य पुढे फार कामाला येणार आहे. वेळेचं माप बदलायचं कारण नाही, या लांबीला आणि या वेगाला सगळं शुद्ध रोधासारखंच वागतं.

एक मर्यादा आधीच लिहून ठेवू. प्लायचं कुंड करंट बाहेर जाऊ देत नाही. खऱ्या कालव्याच्या भिंती डोलोमाइट खडकात कापलेल्या आहेत. त्यातून काही करंट काठाकडे झिरपतो. त्यामुळे काठावरचं पाऊल-व्होल्टेज (जमिनीवर एका पावलाच्या अंतरातलं व्होल्टेज), खांब, रेलिंग, रुळ यांची मापं या मॉडेलमधून काढायची नाहीत.

१६ नोव्हेंबर : पाणी, इलेक्ट्रोड, पल्स

नळाच्या पाण्याची वाहकता ३०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. १००० पर्यंत न्यायला ११२ लिटरला सुमारे ४० ग्रॅम मीठ. आधी बादलीत विरघळवायचं. तळाशी खडे राहिले की त्या जागी क्षेत्र वाकतं. आयोडीनयुक्त चालतं, वाहकतेला फरक पडत नाही. तापमान अंशानं वाढलं की वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते, म्हणून प्रत्येक मापाशेजारी तापमान लिहायचं. खऱ्या कालव्यात हिवाळ्यात रस्त्यांवरचं मीठ वितळून येतं आणि वाहकता चढते. तेच क्षेत्र टिकवायला जनरेटरला जास्त करंट ओढावा लागतो.

इलेक्ट्रोड ६ मिमी ३१६ स्टेनलेसच्या सळ्या, पूर्ण रुंदीभर, तळाशी. दूरची जोडी ५० सेंमी अंतरावर, जवळची १५ सेंमी. ही अंतरं मूळ आराखड्याची नक्कल नाही. क्षेत्र आधी हळू आणि मग झपाट्यानं चढावं, एवढंच साधलं आहे.

पल्ससाठी २४ व्होल्टचा पृथक (अर्थशी न जोडलेला) सप्लाय, आर्डुइनो (छोटं नियंत्रक बोर्ड) आणि आयआरएलझेड-४४एन मॉसफेट (विजेनं उघडणारा स्विच). आयआरएफझेड-४४एन स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, पण ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडत नाही. मग तो गरम होतो आणि पल्सची उंची खाली येते. ९१ व्होल्ट प्रति मीटरला पूर्ण छेदातून ०.३४ अँपिअरच्या आसपास जातो. कालव्याच्या मापात ते ३,४०० अँपिअर शिखर होतं. काठावरच्या इमारतीत एवढी यंत्रसामग्री कशाला, ते या एका गुणाकारातून दिसतं.

एकदिश पल्समुळे धन बाजूची सळी तपकिरी पडते, ऋण बाजूला बुडबुडे चिकटतात. दर मापानंतर ध्रुव उलटे करायचे, सळ्या नायलॉनच्या घासणीनं पुसायच्या. लोखंडी काथ्या वापरला तर त्याचे तंतू पाण्यात राहतात.

२४ व्होल्ट असले तरी रोधक चालू असताना हात पाण्यात घालायचा नाही. सप्लायवर १ अँपिअरचा फ्यूज, कुंडाच्या दोन्ही टोकांना बंद करायचं बटण.

२१ नोव्हेंबर : क्षेत्राचा नकाशा, आणि मल्टिमीटर का चालत नाही

प्रोब म्हणजे १० मिमी अंतरावर दोन टोकं, उरलेली तार इपॉक्सीनं झाकलेली. पृष्ठभागाखाली ५ मिमीवर, कुंडाच्या मध्यरेषेवर दर २ सेंमीला माप. जवळच्या जोडीच्या मध्यावर ०.९ व्होल्ट मिळाले की हवी ती ९० व्होल्ट प्रति मीटर तीव्रता आली.

मल्टिमीटर डीसीवर लावला तर त्याच जागी ०.०६८ दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो, तो सरासरी काढतो : ०.९ गुणिले ७.५ टक्के. पाण्यात उतरणाऱ्याला ही सरासरी उपयोगाची नाही, स्नायूला आणि हृदयाला शिखर लागतं. सुरक्षेच्या कुठल्याही मापाला स्कोपच (ऑसिलोस्कोप, क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवा, आणि नोंदीत शिखर, रुंदी, वारंवारता हे तीनही आकडे हवेत. नुसतं ‘इतके व्होल्ट’ लिहिलेला कागद परत पाठवावा.

स्कोप वापरताना दुसरा सापळा. प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या अर्थला जोडलेली असते. ती पाण्यातल्या कुठल्याही बिंदूला लावली की तो बिंदू अर्थ होतो आणि सगळं क्षेत्र सरकतं. सप्लाय पृथक नसेल तर फ्यूजही जातो. दोन चॅनल घ्यायचे, दोन्ही काळ्या क्लिपा एकमेकींना जोडून कुंडाबाहेर ठेवायच्या, आणि स्कोपला पहिल्यातून दुसरा वजा करायला सांगायचं. बॅटरीवरचा हातातला स्कोप असेल तर आणखी बरं.

२९ नोव्हेंबर : बार्ज

गोव्यात मांडवी-जुवारीवर खनिज नेणारी बार्ज स्वतःच्या इंजिनावर चालते. इलिनॉयच्या जलमार्गावरची बार्ज बिनइंजिनाची पोलादी पेटी असते. अनेक पेट्या दोरांनी एकत्र बांधून मागून टग (इंजिनाची बोट) ढकलतो. सुरक्षेचा सगळा पेच या बांधणीत आहे. जानेवारी २००५ मध्ये रोधकावरून जाणाऱ्या ताफ्यातल्या बार्जांमध्ये ठिणग्या दिसल्या आणि चाचण्यांचं गाडं तिथून सुरू झालं. दुसरा रोधक बांधून झाल्यावरही तो पूर्णवेळ चालू व्हायला एप्रिल २००९ उजाडला.

नेहमीची बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद, मॉडेलमध्ये ५९.४ गुणिले १०.७ सेंमी. भरलेली असताना नऊ फूट बुडते, म्हणजे २.७ सेंमी, त्यासाठी एकूण वजन १.७ किलो. पत्रा ०.३ मिमीचा घ्यायचा. १ मिमीचा घेतला तर साडेचार सेंमी उंचीच्या पेटीचंच वजन किलोभर होतं, ती रिकामीच दीड सेंमी बुडते आणि रिकाम्या बार्जची चाचणी करताच येत नाही. वजनासाठी वाळूच्या पिशव्या, लोखंडी तुकडे नकोत. पत्र्याला रंग नको. खऱ्या बार्जला रंग असतो, पण तळ आणि कडा घासून घासून उघड्याच झालेल्या असतात, आणि धोक्याच्या बाजूनं मोजायचं तर उघडा पत्राच धरायचा. तारा पत्र्याला सोल्डरनंच जोडायच्या, क्लिपनं नाही.

सगळ्या बार्ज एकाच पत्र्याच्या. एक जस्ताची आणि एक स्टेनलेसची घेतली तर रोधक बंद असतानाही दोघींत बॅटरीसारखं व्होल्टेज दिसतं आणि मापात मिसळतं.

४ डिसेंबर : फटीवरचं व्होल्टेज

दोन बार्ज एकामागे एक, मध्ये ५ मिमी फट, नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेल्या. ताफा १ सेंमीनं पुढे ढकलत प्रत्येक जागी दोघींमधलं शिखर व्होल्टेज घेतलं. पल्सचा माथा किंचित उतरता दिसतो, कारण पत्रा आणि पाणी यांच्या सीमेवर भार साठत जातो. म्हणून वाचन नेहमी पल्स सुरू झाल्यावर ०.२ मिलिसेकंदांनी.

फट जवळच्या जोडीच्या बरोबर मध्यावर आली की व्होल्टेज सर्वांत जास्त. अपेक्षितच आहे. पोलादी पेटी तिच्याखालच्या सगळ्या पाण्याचं विभव (विजेची पातळी) एकच करून टाकते. पुढची पेटी एका इलेक्ट्रोडच्या बाजूची, मागची दुसऱ्याच्या बाजूची. त्यामुळे जोडीवर दिलेल्या व्होल्टेजचा मोठा हिस्सा एकवटून त्या ५ मिमी फटीवर येतो. पाण्यात जे व्होल्टेज १५ सेंमीवर पसरलेलं होतं ते आता दोन पत्र्यांच्या कडांमध्ये. नायलॉन काही वाहून नेत नाही. बांधलेलं आणि न बांधलेलं यांच्या वाचनात फरक नाही.

मग दोन्ही पेट्यांमध्ये १.५ चौमिमी तांब्याची तार, तिच्या मालिकेत ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रोध). फटीवरचं व्होल्टेज जवळजवळ शून्य, तारेतून मोठा करंट. उघडं व्होल्टेज भागिले जोडलेला करंट, म्हणजे त्या फटीमागचा स्रोत-रोध, वीस ओहमच्या घरात येतो.

आता ११ नोव्हेंबरचं वाक्य. मॉडेलमधले वीस ओहम म्हणजे कालव्यात ०.२ ओहम. गंज, चिखल, रंगाचे पापुद्रे यांवर टेकलेल्या साखळीचा सांधा सहज एवढा भरतो, आणि स्रोताइतकाच रोध असलेला सांधा अर्धं व्होल्टेज तसंच ठेवतो. दोन बार्ज ‘लागून आहेत’ हे डोळ्यांना दिसतं, पण विजेच्या दृष्टीनं त्या सुट्या असू शकतात. मालिकेत ४.७ ओहमचा रोध घालून पाहिलं, म्हणजे कालव्यातले ४७ मिलिओहम. उघड्या व्होल्टेजचा पाचवा हिस्सा उरला. सांधा दहा मिलिओहमच्या आत आणायचा तर घट्ट ताणलेला पोलादी वायर रोपच लागतो. यूएस कोस्ट गार्डच्या नियमात या पट्ट्यातून जाणारा व्यापारी ताफा फक्त वायर रोपनंच बांधलेला असावा, असं आहे. त्यामागचा हिशेब हा.

६ डिसेंबर : ठिणगी

धोका जोडलेल्या स्थितीत नाही, सुटलेल्या स्थितीतही तितका नाही. तो सुटण्याच्या क्षणात आहे. करंट वाहत असताना सांधा उघडला की ठिणगी पडते. लाटेनं, वळणावर, टगनं वेग कमी केल्यावर बार्ज एकमेकींवर आपटतात आणि सुटतात. हायड्रोकार्बनची वाफ आणि हवा यांचं मिश्रण योग्य असेल तर पेटायला मिलिज्यूलचा चौथा हिस्सासुद्धा पुरतो.

इथे वारंवारतेचा मुद्दा सहज निसटतो. सांधा १०० मिलिसेकंद उघडा राहिला असं धरलं तर सेकंदाला ५ पल्सच्या सेटिंगमध्ये निम्म्या वेळा त्यात पल्स येतच नाही. ३० च्या सेटिंगमध्ये त्याच वेळात तीन पल्स येतात. पल्स आखूड झाली, चालू वाटा ९.७५ वरून ७.५ टक्क्यांवर उतरला, म्हणून सेटिंग ‘सौम्य’ झाली असं कागदावर वाटतं. ठिणगीच्या हिशेबात तसं नाही.

मॉडेलमध्ये ठिणगी काढून पाहायची नाही. ऊर्जा मापप्रमाणानुसार इतकी घटते की ‘ठिणगी दिसली नाही’ या निष्कर्षाला अर्थच नाही, उलट तो कुणीतरी उद्धृत करेल. नियम मात्र या तर्काशी जुळतात : या पट्ट्यात थांबणं, नांगरणं, ताफा जोडणं-सोडणं बंद; व्यापारी जहाजांनी एकमेकांना ओलांडणं बंद; ज्वालाग्राही माल असलेली एकही बार्ज ताफ्यात असली तर पुढून मदतीला दुसरी बोट.

१२ डिसेंबर : माणसाची आकृती

१:१०० ला माणूस १.७ सेंमीचा होतो, त्यावर काहीच मोजता येत नाही. म्हणून वेगळं कुंड, १:१०, दोन टोकांना पूर्ण रुंदीच्या स्टेनलेस प्लेटा, मध्ये एकसारखं क्षेत्र. आकृती अगरची (शेवाळापासूनच्या जेलीची) : लिटरला २० ग्रॅम अगर, १.३ ग्रॅम मीठ, वाहकता साधारण ०.२५ सीमेन्स प्रति मीटर. साचा दोन भागांचा, आतून खाद्यतेलाचा हात. तेल जास्त झालं तर आकृतीभोवती वीज न वाहणारा थर बसतो आणि सगळी वाचनं खोटी येतात. साच्यातून काढल्यावर साध्या पाण्यात बुचकळून पुसायची आणि तासाभरात चाचणी संपवायची. मीठ बाहेर झिरपत राहतं.

क्षेत्राला समांतर ठेवली की आकृतीच्या आतलं क्षेत्र बाहेरच्यापेक्षा थोडंच कमी असतं. आडवी ठेवली की ते निम्म्याच्या जरा वर येतं, आणि लांबीही फक्त छातीच्या रुंदीएवढी उरते. मासे नेमकं हेच करतात, आडवे वळतात. माणसाला ते जमत नाही. पहिल्या धक्क्यातच हातपाय ताब्यात राहत नाहीत.

करंटचा अंदाज दोन बाजूंनी. १५४ व्होल्ट, शरीराचा अंतर्गत रोध ५०० ओहम धरला तर ०.३ अँपिअर. छातीतलं क्षेत्र ८५ व्होल्ट प्रति मीटर, वाहकता ०.२५, छेद ०.०६ चौमीटर धरला तर १.३ अँपिअर. कोरड्या त्वचेचा आडोसा पाण्यात नसतो, म्हणून हे आकडे घरगुती शॉकपेक्षा मोठे. आखूड पल्सला हृदयाचं कंपन सुरू करायला जास्त करंट लागतो हे खरं; पण सेकंदाला ५ पल्समध्ये स्नायू नुसते उडतात, ३० च्या आसपास ते आखडूनच राहतात. श्वासाचे स्नायूही त्यातच आले. हृदय चालू असलं तरी माणूस बुडतो.

अमेरिकी नौदलाच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटनं २००८ मध्ये या कालव्यात माणूस पडण्याच्या धोक्याचं मूल्यमापन केलं होतं. उघड्या डेकवरच्या प्रत्येकानं टाइप-१ लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे, या नियमाकडे वरच्या आकड्यांच्या उजेडात पाहावं. हे जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड बहुतेक वेळा वर ठेवतं. साधं फुगीर जॅकेट ज्याला पोहता येतंय त्याच्यासाठी असतं. २० फुटांहून लहान बोटींना आणि जेट-स्कीला बंदीही त्याचसाठी : त्यावरून पडणं सोपं. आणि पडलेल्याला काढायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही. आमच्या कार्यपद्धतीत क्रम असा लिहिला : आधी रोधक बंद, मग कोरडा फायबरग्लासचा बांबू, मग माणूस.

१८ डिसेंबर : बंद करण्याची किंमत

‘आधी बंद’ लिहिणं सोपं आहे. डिसेंबर २००९ मध्ये देखभालीसाठी रोधक बंद ठेवायचा होता, तेव्हा त्या काळात मासे वर जाऊ नयेत म्हणून कालव्याच्या जवळजवळ सहा मैलांत रोटेनोन हे मत्स्यविष सोडावं लागलं. पुढे २०११ पासून आणखी एक रोधक हाताशी आला, तो देखभालीतली ही अडचण सोडवण्यासाठीच. सुरक्षा-आराखड्यात तातडीचं बटण दाखवताना, ते दाबल्यावर दुसरा रोधक चालू आहे ना, ही तपासणीची ओळ त्याच पानावर हवी. नाहीतर ड्यूटीवरचा माणूस बटण दाबायला कचरेल.

८ जानेवारी २०२५ : फटीतली शांत जागा

४ डिसेंबरची मांडणी पुन्हा, पण या वेळी प्रोब बार्जांच्या मधल्या फटीत, पृष्ठभागाखाली १ सेंमीवर. दोऱ्यानं बांधलेल्या ताफ्यात फटीतलं क्षेत्र तीव्र. तारेनं जोडल्याबरोबर ते कोसळतं. दोन्ही पत्रे एकाच विभवावर आले की मधल्या पाण्याला काही उरतच नाही. बार्जचं नाक निमुळतं वर चढणारं केलं आणि पुढच्या पेटीचा मागचा भाग चौकोनी ठेवला तर खाली मोठी पोकळी तयार होते आणि तीही शांतच राहते.

वायर रोपनं ठिणगीचा धोका घटतो आणि त्याच वायर रोपनं फटीतल्या माशाला आसरा मिळतो. यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसनं २०१३ मध्ये रोधकावर केलेल्या पाहणीत बार्जांच्या फटीत अडकलेले मासे ताफ्याबरोबर पुढे जाऊ शकतात, हे दिसलं होतं. बटण वर करून हा प्रश्न सुटत नाही. पोकळीतलं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राचा छोटासा वाटा असतं, बाहेर दुप्पट केलं तर आत त्या छोट्याचं दुप्पट. माणसाचा धोका मात्र पुरता दुप्पट.

१५ जानेवारी : पुढची मांडणी

जॉलिएटजवळच्या ब्रँडन रोड लॉकच्या (जहाजं एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या कुंडाच्या) आराखड्यात विद्युत रोधक एकटा नाही. त्याच्या जोडीला ध्वनी, हवेच्या बुडबुड्यांचा पडदा आणि लॉक धुऊन काढण्याची सोय आहे. बुडबुड्यांचं काम फटीतला मासा ताफा रोधकावर पोचण्याआधीच बाहेर काढणं. मॉडेलमध्ये ते करून पाहायला मत्स्यटाकीचा पंप आणि तळाशी १ मिमी भोकांची पीव्हीसी नळी पुरेल; माशांऐवजी पाण्याइतक्याच घनतेचे मेणाचे मणी.

बुडबुडे रोधकाच्या किती आधी ठेवायचे, हे ठरवताना एक मोजमाप करायलाच हवं : हवेनं भरलेल्या पाण्याची वाहकता घटते, त्यामुळे पडदा इलेक्ट्रोडच्या फार जवळ आला तर तिथलं क्षेत्र चढतं. ५०, १०० आणि १५० सेंमी अशा तीन अंतरांवर पृष्ठभागाचा नकाशा घ्यायचा, पंप बंद आणि चालू. मणी सोडण्यापूर्वी आउटलेटला जाळी बसवायची.